संमतीचा रोखा

जो मनुष्य आपल्या डोळ्यांदेखत विहिरींत उडी घालूं पाहतो त्याचा हात धरण्यास कोणीही अनोळखी माणूस धांवून जातो. परंतु तोच मनुष्य दररोज एक याप्रमाणें पायऱ्या उतरत वीस वर्षांनीं पाण्यापाशीं पोंचणार असेल, तर त्याचा हात धरावा असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. उलट उतरण्याबद्दल त्यास काय मजुरी द्यावी याची घासाघीस करण्यास आपण मोकळे आहों असेंच आपणांस वाटतें. नीतिशास्त्रानें व कायद्यानें आपलीं बहुतेक हत्यारें पहिल्या प्रकारच्या प्रसंगासाठीं घडविलीं आहेत. मारणारा, मारलेला, घाव आणि मृत्यु हीं चारही एका घटकेच्या आंत एकत्र सांपडतात, म्हणून न्यायाधीशास त्यांची सांगड घालतां येते. जें विष आपलें काम करण्यास दहा-पंधरा वर्षें लावतें, जें घेणारा स्वतःच्याच हातानें घेतो, आणि वर त्याबद्दल ज्यास दररोज संध्याकाळीं चार पैसेही मिळतात, त्या विषापुढें हीं हत्यारें बोथट होतात. अशाच एका विषाचा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

निमित्त असें घडलें कीं, आमच्या परिचयाचे एक वकील गृहस्थ मुलीच्या लग्नासाठीं दागिने घडविण्याच्या खटपटींत असतां एका संध्याकाळीं आमच्याकडे आले. सोन्याच्या भावाविषयीं यथेच्छ तक्रार करून झाल्यावर बोलणें सोनें कोठून येतें याकडे वळलें, आणि दूरदेशींच्या गरीब खाणवाल्यांस पाऱ्यापासून जडणाऱ्या रोगाची हकीकत आम्हीं त्यांस सांगितली. गृहस्थ मनाचे कोमल आहेत. क्षणभर त्यांना वाईट वाटलें. पण लगेच त्यांच्यांतील वकील जागा झाला. ते म्हणाले, “पारा विषारी आहे हें त्या लोकांना ठाऊक आहे कीं नाहीं?” आम्हीं म्हटलें, बहुतेकांना आहे. “त्यांस कोणी बांधून नेलें आहे काय?” आम्हीं म्हटलें, नाहीं. “मग संपलें! जो जाणून-समजून राजी झाला त्याच्यावर अन्याय झाला असें म्हणतां येत नाहीं. रोमन कायद्यापासून हें तत्त्व चालत आलें आहे.” इतकें बोलून ते चहाकडे वळले. आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. उत्तर न सुचणें आणि उत्तर नसणें यांत फरक आहे, एवढ्या आशेवर आम्ही हें लिहीत आहों.

जगांतील सत्तरांहून अधिक देशांत मिळून एक ते दोन कोटि माणसें लहान प्रमाणावर सोनें काढून पोट भरतात असा अंदाज आहे. माणसाच्या व्यवहारांमुळें हवेंत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वांटा याच धंद्यांतून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालांत तो शेंकडा ३८ च्या आसपास धरला आहे. परंतु कोटींचा विचार करूं गेलें म्हणजे एकाचाही होत नाहीं. म्हणून आम्ही एकच डोंगर घेतों.

फिलिपाईन्समधील मिंडनाओ बेटावर, मोंकायो गांवाच्या हद्दींत, दिवाता नांवाचा डोंगर आहे. हा शब्द ऐकून मराठी वाचकाचे कान टवकारले जातील, आणि तें योग्यच आहे. कारण आपला ‘देवता’ हाच शब्द फार पूर्वीं समुद्र ओलांडून त्या बेटांवर गेला आणि वनदेवता, यक्षिणी अशा अर्थानें तेथें रुळला. या देवतेच्या पोटांत सोनें असल्याचा बोभाटा १९८३ सालीं झाला आणि चहूंकडून हजारों माणसें डोंगरावर लोटलीं. पाहतां पाहतां उतारावर झोंपड्यांचें शहर उभें राहिलें आणि आंतून डोंगराची चाळण झाली. ज्या प्रांतांत हा डोंगर येतो त्याचें नांव २०१९ सालीं लोकांच्या कौलानें बदलण्यांत आलें. आतां त्यास ‘दाव्हाओ दे ओरो’, म्हणजे सोन्याचें दाव्हाओ, असें म्हणतात. नांवापुरती तरी तेथील प्रत्येक मनुष्यास सोन्यांत हिस्सेदारी मिळाली!

तेथील कामाची रीत अशी. बोगद्यांतून काढलेला दगड फोडून लोखंडी पिंपांत भरतात. पिंपांत लोखंडी दांडे किंवा गोळे असतात. त्यांत पाणी घालून वर पारा ओततात आणि पिंप यंत्रानें फिरवितात. दगडाचें पीठ होत असतां त्यांतील सोन्याचे कण पाऱ्याला चिकटतात. मग गाळ धुवून टाकला म्हणजे तळाशीं लोण्याच्या गोळ्यासारखें चकचकीत मिश्रण राहतें. तें फडक्यांत घालून पिळतात. सुटा पारा गळून जातो आणि मुठींत एक करडा, घट्ट गोळा उरतो. हा गोळा उघड्या ज्योतीवर धरला कीं, ३५७ अंश उष्णतेला उकळणारा पारा वाफ होऊन निघून जातो आणि सोनें मागें राहतें. सबंध दगड असा पाऱ्याबरोबर दळला म्हणजे एका तोळा सोन्यामागें दहा तोळ्यांहूनही अधिक पारा वायां जाऊं शकतो. कांहीं गाळाबरोबर ओढ्यांत जातो, कांहीं वाऱ्याबरोबर जातो. आणि ज्योत धरणारा मनुष्य वाऱ्याच्या वाटेंतच उभा असतो. अशा वस्त्यांतून हें शेवटचें काम पुष्कळदां घरच्या चुलीवरही होतें, कारण घर जवळ असतें आणि तेथें सोनें चोरीस जाण्याची भीति कमी असते.

आतां या धातूची एक विलक्षण गोष्ट अशी कीं, माणसाची साधी अनुभवबुद्धि त्याच्यापुढें हमखास फसते. आमच्या लहानपणीं शाळेच्या प्रयोगशाळेंत थर्मामीटर फुटलें, तेव्हां टेबलावर पळणारे ते रुपेरी मणी आम्हीं तळहातावर घेऊन वर्गभर खेळविले होते. कोणास कांहीं झालें नाहीं, आणि पारा विषारी असतो हें मास्तरांचें बोलणें तेव्हांपासून आम्हांस अतिशयोक्तीचें वाटूं लागलें. खरी गोष्ट अशी कीं, धातुरूपांतील पारा चुकून पोटांत गेला तरी बहुतेक सगळा जसाच्या तसा बाहेर पडतो. परंतु त्याची वाफ श्वासावाटे गेली म्हणजे तिचा सुमारें चारपंचमांश भाग रक्तांत उतरतो, आणि रक्तांतून मेंदूंत व गर्भिणीच्या ठायीं गर्भांतही शिरतो. त्या वाफेला रंग नाहीं, वास नाहीं, घशांत खवखव नाहीं. म्हणजे ज्या पाऱ्यास माणूस डोळ्यांनीं पाहतो आणि हातानें हाताळतो तो बराचसा निरुपद्रवी, आणि ज्यास तो पाहत नाहीं तोच घातक. ज्याच्या बापानें व भावानें वर्षानुवर्षें पाऱ्यांत हात घातले त्यानें त्यास भ्यावें तरी कशाच्या आधारावर? आपल्या रसशास्त्रकारांनीं पाऱ्याचे नैसर्गिक दोष सांगतांना मल आणि वह्नि यांच्या जोडीस विष हें नांव स्वच्छ शब्दांत घातलें आहे, यावरून त्यांनीं या धातूचें वरकरणी सौम्य रूप पाहून फसवून घेतलें नाहीं हें उघड दिसतें. शोधनानें तो दोष किती जातो हा वाद वेगळा. तो येथें काढण्याचें कारण नाहीं.

रोग येतो तो असा. प्रथम झोंप उडते, थकवा वाटतो, तोंडाला धातूची चव येते, लाळ सुटते, हिरड्या सुजतात. यांतील कोणत्या तक्रारीसाठीं डोंगरावरचा मजूर कामावरचा दिवस बुडवून वैद्याकडे जाईल? मग हात कांपूं लागतात. कप ओठांशीं नेतांना, सुईंत दोरा ओवतांना, सही करतांना ती कांप दिसते. पुढें चाल अडखळते. आणि या सर्वांबरोबर, कित्येकदां या सर्वांच्या आधीं, मनुष्याचा स्वभाव पालटतो. तो चिडखोर होतो, लाजराबुजरा होतो, चारचौघांत जाण्यास भितो, विसरतो, उदास राहतो. युरोपांत टोप्या करणाऱ्या कारागिरांस पाऱ्याच्या क्षारांमुळें हेंच होत असे, आणि वैद्यकांत या मानसिक विकारास एरेथिझम असें स्वतंत्र नांव आहे. घरच्या माणसांस मात्र तें नांव ठाऊक नसतें. त्यांच्या दृष्टीनें बाप हल्लीं विनाकारण अंगावर येतो, एवढेंच.

१९९९ सालीं म्यूनिक येथील वैद्यकशास्त्रज्ञांनीं दिवाता डोंगरावरील लोकांची तपासणी केली. रक्त, लघवी व केंस यांतील पारा मोजला. परंतु त्याबरोबरच ज्या परीक्षा घेतल्या त्या वाचून आम्हांस फार विचित्र वाटलें, कारण त्यांस लागणारें सामान कोणत्याही घरांत मिळेल असें होतें. काडेपेटींत काड्या भरावयाच्या आणि किती सेकंद लागले तें पाहावयाचें. कागदावर पेन्सिलीनें भराभर ठिपके काढावयाचे आणि ते मोजावयाचे. सांगितलेले आंकडे पाठ म्हणून दाखवावयाचे. ज्यांच्या हातांनीं डोंगर फोडला होता त्यांस काडेपेटी भरण्यास सांगून त्यांच्या मज्जातंतूंची किंमत ठरविण्यांत येत होती. निकाल असा लागला कीं, पाऱ्याचें काम करणाऱ्यांपैकीं शेंकडा ७१.६ लोकांस पाऱ्याची विषबाधा झाली होती. जे डोंगरावर राहत होते पण हें काम करीत नव्हते, त्यांत हें प्रमाण शेंकडा २७ होतें. तुलनेसाठीं दूरचे जे लोक तपासले, त्यांत एकासही ती नव्हती. आणखी एक आंकडा आहे, तो आम्ही मुद्दाम मागें ठेवितों.

आतां वकीलमित्राच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांना ठाऊक आहे कीं नाहीं? ठाऊक असणें हें दोन प्रकारचें असतें. सर्व मनुष्यें मर्त्य आहेत हें जसें आपणांस ठाऊक आहे, तसें पारा विषारी आहे हें त्या मजुरास ठाऊक आहे. परंतु आज संध्याकाळच्या या वाफेनें माझ्या मेंदूचा अमुक भाग गेला, हें ज्ञान त्यास नाहीं व कोणासही नाहीं. कारण कोणत्याही एका संध्याकाळीं कांहींच घडत नाहीं. ज्याला पाहिजे तर नाहीं म्हणतां यावें असा एकही क्षण या विषाच्या कहाणींत येत नाहीं. शिवाय हें विष जेथें प्रथम जाऊन बसतें तें स्थान पाहा. संमति देण्यास काय लागतें? मागचें आठवावें लागतें, पुढचें तोलावें लागतें, मन थोडें शांत असावें लागतें, आणि चारचौघांत जाऊन ‘मला हें नको’ असें म्हणण्याचें धैर्य लागतें. पाऱ्याची वाफ स्मृति घेते, शांति घेते आणि चारचौघांत जाण्याचें धैर्यही घेते. ‘ज्याचें जळतें त्याला कळतें’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें त्याचें जें जळत असतें तें कळण्याचें साधनच होय. विसाव्या वर्षीं ज्यानें होकार दिला तोच मनुष्य पस्तिसाव्या वर्षीं तो होकार परत घेण्यास शिल्लक राहिलेला नसतो. मग या होकाराची मुदत किती वर्षांची धरावयाची?

आमच्या मित्राचा व्यवसाय रोख्यांचा आहे, म्हणून त्यांस रोख्याचेंच उदाहरण द्यावेंसें वाटतें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चालून जाऊन काय मागितलें? पैसा मागितला नाहीं. मुख्यतः कर्जरोखे मागितले, आणि ते जाळले. त्या रोख्यांवर शेतकऱ्यांच्याच निशाण्या होत्या. कोणी त्यांचे हात बळेंच धरून त्या उठविल्या नव्हत्या. इंग्रजांच्या दिवाणी न्यायालयांत तोंवर रीत अशी होती कीं, निशाणी आहे ना, मग हुकूमनामा घ्या. मूळ रक्कम किती होती, व्याजावर व्याज किती चढलें, दुष्काळाच्या सालीं पोरांस दाणे नव्हते तेव्हां रोखा नवा करून दिला काय, हें पाहण्याचें न्यायाधीशास कारण नव्हतें. दंगा झाला, चौकशी झाली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला त्यांत न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन देण्याघेण्याचा सारा इतिहास पाहण्याचा अधिकार दिला. त्या कायद्यानें शेतकऱ्यांचें किती भलें केलें याविषयीं मतभेद आहे, आणि सावकारानें त्यांतूनही वाटा काढल्या हें खरें आहे. पण तत्त्व म्हणून जें मान्य झालें तें लहान नव्हतें. निशाणी हा संमतीचा पुरावा आहे. ती कोणत्या स्थितींत घेतली याचा ती पुरावा नव्हे.

असेंच दुसरें उदाहरण पाऱ्याच्याच इतिहासांत आहे. जपानमधील मिनामाता येथें चिस्सो कंपनीच्या कारखान्यांतून समुद्रांत जाणाऱ्या पाऱ्यामुळें मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत भयंकर रोग पसरला. १९५६ सालीं त्याची अधिकृत नोंद झाली. १९५९ च्या ऑक्टोबरांत कारखान्याच्याच दवाखान्यांतील डॉक्टरानें एका मांजरास कारखान्याचें सांडपाणी अन्नांतून घालून तोच रोग उत्पन्न झालेला पाहिला होता. ही गोष्ट दडपण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रोग्यांशीं एक करार करण्यांत आला. त्यास सहानुभूतीच्या पैशाचा करार असें मोठें गोड नांव होतें. त्यांत एक कलम असें कीं, पुढें जरी रोगाचें कारण कारखानाच ठरलें, तरी रोग्यांनीं आणखी कांहीं मागूं नये. रोग्यांनीं सह्या केल्या. नववर्षाचा सण तोंडावर आला होता आणि घरांत कांहीं नव्हतें. १९७३ सालीं कुमामोतो येथील न्यायालयानें तो करार सार्वजनिक नीतीस सोडून आहे म्हणून रद्दबातल ठरविला. तेथेंही सह्या खऱ्याच होत्या.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आमच्या मित्रानें घेतला नसला तरी आम्हांस स्वतःस तो फार सलतो. गरिबाची संमति ती संमतीच नव्हे असें म्हणत सुटलों, तर गरिबाच्या हातीं राहिलें काय? त्याची मजुरी, त्याचें लग्न, त्याचें मत, सर्वच मग आपण त्याच्या वतीनें ठरवूं लागूं. दिवाता डोंगरावर गेलेला मनुष्य कांहीं मूल नाहीं. ज्या गांवांत त्यास उपासमार दिसत होती तेथून उठून, चार गोष्टी तोलून, तो डोंगर चढला. आणि कित्येकांच्या मुलांच्या शाळेची फी त्या सोन्यांतूनच भरली गेली. त्यास ‘तुला कळत नाहीं’ म्हणणें हें त्याच्या घामाचाही अपमान करणें आहे. सोळाव्या शतकांत पेरूमधील उआंकावेलिका येथील पाऱ्याच्या खाणींत स्पॅनिश राजसत्तेनें इंडियन लोकांस वेठीनें धरून नेलें, आणि तो पारा पोतोसीच्या चांदीसाठीं वापरला. तेथें न्यायनिवाडा सोपा आहे. वेठ ती वेठ. दिवाता डोंगरावर वेठ नाहीं, हेंच तर अवघड आहे. शिवाय वरून येणाऱ्या कळकळीचें फळ काय होतें तेंही पाहिलें पाहिजे. फिलिपाईन्सच्या सरकारानें २०१२ सालीं लहान खाणींत पारा वापरण्यास साफ बंदी केली. पारा थांबला नाहीं. तो चोरून येऊं लागला. आणि जें काम चोरून करावयाचें तें माणूस बंद खोलींत करतो, जेथें वाफ अधिक कोंडते.

म्हणून संमति रद्द समजावी असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें याहून अरुंद, आणि आमच्या मतें अधिक टिकाऊ, आहे. मजुराच्या होकारानें फार तर इतकें ठरतें कीं, त्यानें स्वतःवर अन्याय केला नाहीं. ज्यांनीं त्याच्यापुढें पर्याय मांडले, आणि जे त्याच्या होकारावर नफा घेतात, त्यांचा हिशेब त्या होकारानें चुकता होत नाहीं. रोखा लिहून देणाऱ्यास बांधीत असेल. लिहून घेणाऱ्यास तो धुवून काढीत नाहीं.

पर्याय कोणते मांडले जातात तें पाहिलें म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. पाऱ्याचा गोळा उघड्यावर न जाळतां झांकणाच्या भांड्यांत तापवून वाफ नळीवाटे पाण्यांत थंड करतां येते. पाराही परत मिळतो. भांडें लोखंडी नळांच्या तुकड्यांतूनही बनतें. तरी पुष्कळ ठिकाणीं तें पडून राहतें, आणि त्याचें कारण अज्ञान हें नव्हे. चार भागीदारांची वांटणी व्हावयाची असते. झांकणाखालीं काय चाललें आहे हें दिसत नाहीं, वेळ अधिक लागतो, आणि रात्रीपूर्वीं पैसे हातांत पडले पाहिजेत. कित्येक मुलखांत दळण्याचें पिंप एका मालकाचें असतें आणि उरलेला गाळ त्याच्याकडे जातो. पाऱ्याच्या या घाईच्या पद्धतीनें पुष्कळसें सोनें त्या गाळांतच राहतें. मालक पुढें तें सायनाइडनें काढून घेतो. म्हणजे मजुरानें जितकी घाई करावी तितका मालकाचा लाभ. आतां यास मजुराची निवड म्हणावें कीं पिंपवाल्याची?

याउलट त्याच फिलिपाईन्समध्यें, उत्तरेकडील बेंगेट प्रांतांत, लहान खाणवाले पाऱ्यावांचून सोनें काढतात, आणि हें तीस वर्षांहून अधिक काळ चाललें आहे. दळलेला दगड ते पाण्यानें धुवून-धुवून जड अंश तेवढा ठेवितात, त्यांत टांकणखार मिसळतात आणि मातीच्या भांड्यांत कोळशाच्या आगीवर भात्यानें वितळवितात. टांकणखारामुळें इतर खनिजें लवकर वितळून मळीच्या रूपानें वेगळीं होतात आणि सोन्याचा मणी तळाशीं बसतो. दोन्ही पद्धतींची जेथें तुलना करून पाहिली तेथें या रीतीनें पुष्कळदां अधिक सोनें हातीं आलें. कारण पिंपांत पाऱ्याचा भुगा होऊन तो जें सोनें वाहून नेतो तें येथें वाचतें. प्रत्येक दगडास ही रीत मानवते असें नाहीं, आणि तीस कौशल्य व धीर लागतो. पण हा टांकणखार म्हणजे आपल्या गल्लींतला सोनार दागिन्यास डाक देतांना दगडी सहाणेवर उगाळतो तोच. त्यासाठीं परदेशीं विद्या आणावी लागत नाहीं. कोणी तरी थांबून शिकवावें लागतें, आणि शिकणाऱ्याच्या त्या दिवसांच्या पोटाची सोय व्हावी लागते. मिनामाताचें नांव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं संमत झाला, २०१७ पासून अमलांत आला, आणि आपल्या देशानेंही २०१८ सालीं त्यास मान्यता दिली. त्यांत लहान खाणींतील पारा कमी करण्याचें, व शक्य असेल तेथें नाहींसा करण्याचें, बंधन आहे. ‘शक्य असेल तेथें’ या तीन शब्दांत किती डोंगर बसतात तें वाचकांनींच पाहावें.

मागें ठेविलेला आंकडा आतां सांगतों. दिवाता डोंगराच्या पायथ्यापासून दूर, ओढ्याच्या खालच्या अंगास जे लोक राहत होते, त्यांत विषबाधेचें प्रमाण शेंकडा ३८ निघालें. डोंगरावर राहून हें काम न करणाऱ्यांपेक्षां तें अधिक आहे. नदीच्या गाळांत सूक्ष्म जंतूंच्या योगानें पारा एक दुसरेंच, अधिक घातक रूप धारण करतो. तें माशांत सांठतें आणि मासे खाणाऱ्यांत उतरतें. या लोकांनीं सोनें काढलें नाहीं, विकलें नाहीं, त्याचा भाव केला नाहीं. संमतीचा प्रश्न त्यांच्यापुढें कधीं आलाच नाहीं. रोमन कायद्याचें तत्त्व त्यांच्या दारापर्यंत पोंचत नाहीं, पारा मात्र पोंचतो. चुलीशीं बसलेल्या बायकोची आणि तिच्या पोटांतील गर्भाची गोष्ट हीच. मजुराचा होकार पूर्ण खरा धरला तरी तो या सर्वांच्या वतीनें देण्याचा त्यास अधिकार काय होता, आणि तो घेण्याचा दुसऱ्या कोणास काय होता?

हें सर्व त्या गृहस्थांस आम्हीं पुढच्या भेटींत सांगितलें. रोख्याचें उदाहरण त्यांस आवडलें. सुप्याच्या दंग्याची त्यांस चांगली माहिती होती. मग जरा गप्प राहून त्यांनीं विचारलें, “पण आमच्या सोनाराकडचें सोनें त्याच डोंगरावरचें कशावरून?” याचें उत्तर ‘कशावरूनही नव्हे’ असेंच आहे. सोन्याएवढी विसराळू वस्तु दुसरी नाहीं. आपल्या देशांत दरसाल सुमारें ७०० ते ८०० टन सोनें खपतें; त्यांत मोठमोठ्या खाणींचें आहे, जुन्या मोडीचें आहे, आणि ज्योतीवर पारा उडवून काढलेलेंही असेल. सांगली जिल्ह्यांतील विटें-खानापूरकडील गलाई करणारे लोक हिंदुस्थानभर सोनें-चांदी गाळीत बसलेले आहेत. त्यांच्या मुशींत एकदां आजीची पुतळ्यांची माळ आणि परदेशचा तुकडा एकत्र वितळला कीं, ब्रह्मदेवासही तीं वेगळीं करतां यावयाचीं नाहींत. या विस्मृतीचा फायदा आपणां सर्वांस मिळतो. आमच्याही घरीं तो आहे. तो कपाटांत, लाल कागदांत गुंडाळलेला आहे. शंभर जणांनीं मिळून केलेल्या गोष्टींत आपला शंभरावा हिस्सा कोणता हें दाखवितां येत नाहीं म्हणून तो नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण तो कोठें नेऊन भरावयाचा हेंही आम्हांस सांगतां येत नाहीं.

२००० सालीं दिवाता डोंगरावरील ९५ रोग्यांस पारा शरीराबाहेर काढणारें औषध चौदा दिवस देण्यांत आलें. बहुतेकांस पुष्कळ बरें वाटलें. कित्येक वर्षांचें डोकें दुखणें थांबल्याचें, झोंप लागूं लागल्याचें त्यांनीं सांगितलें. पंधरावा दिवस उजाडला तेव्हां डोंगर जेथल्या तेथें होता, आणि पिंपेंही.

लग्न यथासांग पार पडलें. मध्यंतरीं गृहस्थांनीं आमच्या समाधानासाठीं म्हणा, स्वतःच्या म्हणा, सोनारास सोन्याचा मूळ ठावठिकाणा विचारला होता. सोनार सहाणेवर टांकणखार उगाळीत होता, त्यानें वर न पाहतां विचारलें, “रावसाहेब, पाटल्या घडवायच्या, कीं सोन्याची कुंडली मांडायची?” गृहस्थ निरुत्तर होऊन परत आले. पाटल्या आम्हीं लग्नांत पाहिल्या. घडण उत्तम होती.